माझी डावी हनू

आमच्या कॉलेजात प्राध्यापकांना टोपणनावं ठेवण्याची परंपरा जुनी आहे. मला मुलं 'टकटक मॅडम' म्हणतात, हे मला कळलं ते स्टाफरूममध्ये, कन्नड विभागाच्या आमच्या सरांकडून. सांगताना ते बिचारे संकोचले होते. मी रागावेन असं त्यांना वाटलं. मला मात्र बरंच वाटलं. चला, म्हणजे तासाला मुलं निदान ऐकतात तरी! कारण हा आवाज काही फार मोठा नाही. जांभई देताना, मोठा घास घेताना किंवा एखादा 'आ' ठासून म्हणताना माझ्या डाव्या कानाच्या किंचित पुढे, कुणी विजेचं बटण दाबावं तसा 'टक्' असा आवाज येतो. तो पहिल्या दोन बाकांपर्यंत पोचतो. तिथून शेवटच्या बाकापर्यंत कसा गेला, ते मुलांनाच ठाऊक.

हे दुखणं गेली जवळजवळ तीस वर्षं माझ्यासोबत आहे. नवऱ्यापेक्षा ते जुनं. त्याची हकीगत सांगायची तर आधी माझं गाव सांगायला हवं, कारण माझ्या गावाचा आणि जबड्याचा संबंध माझ्याही आधीपासूनचा आहे.

मी जामसांवलीची. नागपूरहून छिंदवाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर साठ-पासष्ट किलोमीटरवर सौंसरजवळ हे गाव आहे. प्रांत मध्य प्रदेश, कचेरीची भाषा हिंदी, घरातली मराठी. १९५६ पूर्वी आमची राजधानी नागपूर होती, ती भोपाळ झाली. पण संत्री विकायला आणि दुखणी दाखवायला आम्ही आजही नागपूरलाच जातो. २०२३ साली सौंसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा पत्ता पुन्हा बदलला. सीमाभागात राहणाऱ्या तुम्हा वाचकांना यातलं काही नवीन वाटणार नाही.

जामसांवलीची ख्याती आहे ती तिथल्या हनुमानाची. इतर ठिकाणी मारुती गदा घेऊन उभा असतो, नाहीतर डोंगर घेऊन उडत असतो. आमचा हनुमान पिंपळाखाली निजलेला आहे. मूर्ती स्वयंभू मानतात. तिच्या नाभीपाशी झिरपणारं पाणी तीर्थ म्हणून देतात, आणि त्यानं दुखणी बरी होतात अशी दूरदूरच्या लोकांची श्रद्धा आहे. मंगळवार-शनिवारी ही गर्दी! वाताचे रोगी, मन फिरलेली माणसं, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली माणसं तिथे आणलेली मी लहानपणापासून पाहिली. दुखणं म्हणजे लाजेची गोष्ट असं मला कधी वाटलं नाही, ते बहुधा त्यामुळेच. आमच्या गावात दुखणेकरी हा पाहुणा असतो.

माझा जबडा पहिल्यांदा वाजला तो १९९६ मध्ये. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. कुणाचा तरी नवस फिटला म्हणून रोडग्यांचं जेवण होतं. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले. वरचं कवच चांगलं टणक असतं, आणि वांग्याच्या भाजीबरोबर ते फोडून खाण्यात मजा असते. एक मोठा घास तोंडात कोंबला आणि कानाशी 'टक्' झालं. मला वाटलं रोडग्यात खडा होता. शेजारी बसलेल्या मायनं हात थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"काय वाजलं वं तुया कानाजवळ?"

"काही नाही."

"काही नाही कसं? मले आयकू आलं ना."

दुखत नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. पण त्या दिवसापासून घास घेतला की आवाज, जांभई दिली की आवाज. पांढुर्ण्याची मावशी भेटली की हटकून विचारी, "गोटमारीत गेली होती काय वं तू?" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन काठांवरून गोट्यांचा मारा चालतो, तो ज्यांनी ऐकला असेल त्यांना मावशीचा विनोद कळेल. आमच्याकडे जबड्याला काही व्हायचं तर ते गोट्यानं व्हावं, अशी रीत. नुसतं खाताना जबडा बिघडला म्हणजे काय?

मायचं निदान तयार होतं. "वारं हाय ते. शनवारी देवळात येजो, तीर्थ घेजो." मी ते घेतलं. आवाज राहिला. माय म्हणाली, एका शनिवारात कोणाचं काय होते?

पुढे एम.ए.ला नागपूरला होते तेव्हा एकदा वाल्मीकी रामायण वाचताना मी जागच्या जागी थबकले. सूर्याला फळ समजून झेपावलेल्या लहानग्या मारुतीवर इंद्रानं वज्र टाकलं, तो पर्वतावर पडला आणि त्याची हनू मोडली. म्हणून तो हनुमान. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. पण हनू म्हणजे जबडा, आपल्या 'हनुवटी'तला हनू तो हाच, हे कधी मनात आलं नव्हतं. किष्किंधाकांडात जांबवंत ही कथा सांगतो; तिथे तर मोडलेली हनू डावी आहे, असं स्पष्ट म्हटलं आहे. माझीही डावीच. सुट्टीत घरी गेल्यावर मी हे मायला सांगितलं. तिला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. "मंग? तो निजूनच हाय ना. त्याले ठाऊक हाय, मोडलेल्याले आराम लागते. तू बडबड करून राहिली दिवसभर." आणि मी निघाले होते प्राध्यापक व्हायला!

दरम्यान उपचार सुरू झाले होते. कानाशी आवाज म्हणून आधी कानाचा डॉक्टर. या चुकीत मी एकटी नव्हते हे नंतर वाचलं. १९३४ साली जेम्स कॉस्टेन नावाच्या अमेरिकन कानतज्ज्ञानं अकरा रोग्यांवरून या दुखण्याची मांडणी केली. कान भरल्यासारखा वाटणं, दडा बसणं, डोकं दुखणं या साऱ्याचं मूळ दात पडून जबडा फार मिटण्यात आहे, असं त्याचं म्हणणं होतं. दुखण्याला त्याचं नाव पडलं. पुढे त्याची कारणमीमांसा टिकली नाही, पण तोवर दंतवैद्यांच्या हाती एक किल्ली आली: जबडा वाजतो ना, मग दात बदला.

तसंच माझं झालं. एका दंतवैद्यानं (गावाचं नाव सांगत नाही) आधी माझी चांगली अक्कलदाढ काढली. आवाज थांबेना, तेव्हा "चावा नीट बसत नाही" म्हणून दोन दाढा वरून घासल्या. आवाज तसाच राहिला. वर थंड पाणी लागलं की घासलेल्या दाढांतून कळ जाऊ लागली. माझा राग त्या डॉक्टरांवर आता राहिलेला नाही. पण एक गोष्ट सांगायची आहे म्हणून हे लिहिलं: गोळी बंद करता येते, घासलेली दाढ परत येत नाही. त्या वेळी हे मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मग लग्न झालं, आमच्या 'ह्यां'ची नोकरी बेळगावकडे, आणि मी या कॉलेजात आले. बेळगावचा कुंदा हे माझ्या जबड्याला मिळालेलं पहिलं सुख. तो चावावाच लागत नाही. तेव्हा अर्थातच घात झाला तो दुसऱ्या मिठाईनं. २०११ च्या दसऱ्यानंतर कॉलेज उघडलं, आणि आमच्या कन्नडच्या सरांनी गोकाकचं करदंट आणलं. डिंक, गूळ आणि सुका मेवा यांचा तो चिवट वडीसारखा प्रकार ज्यानं खाल्ला नाही त्यानं खावा. माझ्यासारख्यानं मात्र लांबूनच नमस्कार करावा. मी आग्रहाला बळी पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर तोंड उघडेना.

उघडेना म्हणजे अगदीच नाही असं नव्हे. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात. म्हणजे साधारण चाळीस मिलिमीटर, कमी-अधिक. माझ्या तोंडात दीड बोट जाईना. खालचा जबडा उघडताना डावीकडे ओढला जाई. दात घासायचा ब्रश तिरपा करून आत घालावा लागे. आणि आवाज? तो पूर्ण बंद! पंधरा वर्षांत पहिल्यांदाच माझा जबडा निमूट झाला होता.

त्या आठवड्यात मी तीन तास घेतले. मिटल्या दातांनी शिकवणं ही काय गोष्ट आहे ते ज्याचं पोट बोलण्यावर आहे त्यालाच कळेल. 'आ' निघत नाही, 'ओ' गोल होत नाही. एका हुशार विद्यार्थिनीनं तास संपल्यावर येऊन अगदी मनापासून विचारलं, "मॅडम, तुमचा आवाज थांबला ना? बरं वाटतंय का आता?" मी मान हलवली. खोलीत जाऊन दार लावून रडले. रडतानाही तोंड उघडत नव्हतं.

जवळच्या एका शहरातल्या तज्ज्ञांनी तपासून सांगितलं, सांधा उघडून शस्त्रक्रिया करावी लागेल, उशीर नको. खर्चाचा आकडा ऐकून हे म्हणाले, एवढ्यात नवी मोटारसायकल येते. मला आकड्याची भीती नव्हती. त्या सांध्यावरून चेहऱ्याला जाणारी नस जाते आणि तिला इजा होऊ शकते, असं त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे सांगितलं होतं. तेच डोक्यात बसलं. दिवाळीची सुट्टी लागली, आणि मी गाव गाठलं.

नागपूरला मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात माझी रांग लागली. तपासणाऱ्या डॉक्टर बाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी कानांपुढे बोटं ठेवली, पट्टीनं मोजलं: चोवीस मिलिमीटर. मग विचारलं, "आधी आवाज यायचा का?" मी म्हटलं, पंधरा वर्षं. "आणि तोंड मिटल्यापासून येत नाही?" नाही. त्या हसल्या. मग कागद ओढून त्यांनी चित्र काढलं. मला हे दुखणं पंधरा वर्षांनी, त्या दहा मिनिटांत कळलं.

कवटीच्या खोबणीत खालच्या जबड्याचं गोल टोक बसतं. दोहोंमध्ये एक मऊ चकती असते, उखळ आणि मुसळ यांच्यामध्ये घडी घालून फडकं ठेवावं तशी. तोंड उघडताना टोक आधी जागच्या जागी फिरतं, मग खोबणीतून पुढे घसरतं, आणि चकती त्याच्या डोक्यावर टोपीसारखी बसून सोबत जाते. माझी चकती तिच्या बंधनांतून सैल होऊन पुढे सरकली होती. तोंड उघडलं की टोक तिच्या मागच्या कडेवर अडखळायचं आणि उडी मारून तिच्याखाली शिरायचं. ती उडी म्हणजे 'टक्'. म्हणजे आवाज व्हायचा तो चकती आपल्या जागी परत येत असताना! करदंटाच्या दिवशी ती इतकी पुढे गेली की टोकाला तिच्याखाली शिरताच येईना. दाराच्या फटीत फडकं अडकावं तसं झालं. म्हणून आवाज नाही, आणि म्हणूनच तोंडही उघडत नाही.

"लोक आवाजाला घाबरून येतात," डॉक्टर बाई म्हणाल्या, "न दुखणारा आवाज कितीतरी जणांना असतो. त्याला काहीच करू नये. तुमचा थांबला, तेव्हा यायला हवं होतं."

पंधरा वर्षं मी ज्याला दुखणं समजत होते ते जबड्याचं कामकाज होतं. दाढा घासल्या गेल्या त्या चालू कामकाजासाठी!

शस्त्रक्रियेचं मी विचारलं. त्यांनी पायऱ्या सांगितल्या. आधी शेक, मऊ अन्न, सूज उतरवणाऱ्या गोळ्या, हातानं चकती बसवण्याचा प्रयत्न, व्यायाम, दातांवर बसवायची पट्टी. तेवढ्यानं भागलं नाही तर दोन सुया घालून सांधा आतून धुऊन काढायचा. ही पद्धत इस्राएलच्या डॉरिट नित्झान यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडली, आणि ती फार जणांना पुरते. मग दुर्बिणीनं, आणि अगदी शेवटी सांधा उघडणं किंवा कृत्रिम सांधा. घाई का करू नये याचा एक दाखलाही त्यांनी दिला. १९८० च्या दशकात अमेरिकेत चकती काढून तिच्या जागी टेफ्लॉनचा थर असलेला तुकडा बसवण्याची टूम निघाली. चावण्याच्या दाबाखाली त्या तुकड्यांचा भुगा झाला, शरीर त्या भुग्यावर उठलं आणि त्यात आजूबाजूचं हाड खाल्लं गेलं. १९९०-९१ मध्ये ते तुकडे बाजारातून काढून घ्यावे लागले. तोवर अनेक रोग्यांचे जबडे आधीपेक्षा वाईट झाले होते. यातल्या कित्येकींचं मूळ दुखणं माझ्यासारखंच असेल. 'कित्येकींचं' म्हटलं ते जाणून. उपचारासाठी येणाऱ्यांत बायका जास्त असतात.

पाच दिवस शेक आणि गोळ्या. जामसांवलीच्या घरी मी पेज पीत बसले. माय रोज सकाळी देवळातून तीर्थ आणी आणि चमच्यानं माझ्या ओठांच्या फटीतून आत घाली. मी एम.ए. झालेली, चकतीचं चित्र पर्समध्ये असलेली. पण एकदाही नको म्हटलं नाही. ती सत्तरीची बाई भल्या पहाटे रांगेत उभी राहून ते आणत होती. त्यावर काय बोलणार?

सहाव्या दिवशी पुन्हा नागपूर. सांध्याजवळ भूल दिली. डॉक्टर बाईंनी हातमोजा घातलेला अंगठा माझ्या खालच्या दाढांवर ठेवला, जबडा खाली दाबून पुढे ओढला, थोडा आडवा हलवला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा माझ्या कानाशी झालं: 'टक्!'

त्या आवाजासारखा गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही. बत्तीस मिलिमीटर. महिन्याभरानंतर अडतीस.

सांगायला हरकत नाही की निखळलेला जबडा हातानं बसवणं ही माणसाची फार जुनी विद्या आहे. सुश्रुतानं चिकित्सास्थानात हनुसंधी सुटला तर शेकावा, हाडं जागी आणावीत आणि वर पट्टा बांधावा असं सांगितलं आहे; ग्रीसच्या हिपॉक्रॅटिसच्या नावावरही असंच वर्णन आहे. निखळणं आणि माझं अडकणं या दोन वेगळ्या गोष्टी, पण दोन हजार वर्षांपूर्वीचा वैद्य आणि त्या डॉक्टर बाई यांची शेकापासून हाताच्या युक्तीपर्यंतची वाट एकच, याची मला गंमत वाटते.

घरी आल्यावर मी मायला तोंड उघडून दाखवलं. तिनं देवळाच्या दिशेला हात जोडले. मी म्हटलं, अवं, डॉक्टरनं बसवलं ते. माय म्हणाली, "त्या डॉक्टरणीच्या हातात कोण बसला होता मंग?" या वादाचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही.

त्यानंतरची वर्षं साधी गेली. काही महिने रात्री प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी दातांवर घालून झोपत असे. हल्ली ताण असला, परीक्षेचे पेपर तपासायचे असले की पुन्हा काढते, कारण त्या दिवसांत मी झोपेत दात आवळते. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरते. सफरचंद कापून, भाकरी भिजवून, ऊस नाही. रोडगे दुधात कुस्करून खाते, आणि हे पाहून मावशी अजूनही तोंड फिरवते. आमच्या सौंसरच्या संत्र्याला मात्र काही बंधन नाही. त्याची एकेक फोड जणू माझ्याच तोंडाचं माप घेऊन देवानं केली आहे. कुठे कधी दोन दिवस आवाज आला नाही तर मी आरशासमोर उभी राहून बोटं घालून पाहते. सरांनी त्या प्रसंगानंतर मला कधी करदंट दिलं नाही. ते मला कन्नडमध्ये जबड्याला 'दवडे' म्हणतात एवढं शिकवून गेले, आणि हनुमानाचा जन्म हंपीजवळच्या अंजनाद्रीचा, तेव्हा तुमचा निजलेला मारुती मूळचा आमचाच, असंही ऐकवून गेले. मी ते मायला कळवलेलं नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे जामसांवलीला होतो. आता तिथे २०२३ मध्ये भूमिपूजन झालेल्या 'हनुमान लोक' प्रकल्पाची चर्चा असते. माय त्याबद्दल खूप बोलते. रात्री अंगणात गप्पा चालल्या होत्या. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. तिनं मोठी जांभई दिली, आणि मला ऐकू आलं. अगदी बारीक, पण ओळखीचं.

मायचं लक्ष नव्हतं. तिला आता कमी ऐकू येतं. मी मुलीला स्वयंपाकघरात नेलं आणि म्हटलं, बोटं घाल पाहू तोंडात, तीन. तिनं घातली. तिन्ही सहज गेली. दुखतं का? नाही. कधीपासून वाजतं? माहीत नाही, मी कधी लक्षच दिलं नाही, आणि आई, असं काय पाहतेस?

मी तिला काहीच नाही म्हणून सांगितलं. एवढंच म्हटलं, की आजीला बोलू नकोस, आणि कुणी दाढ घासायची गोष्ट काढली तर आधी मला फोन कर.